प्रबंध सादर झाल्यानंतरची वर्षे: पहिल्या पिढीच्या संशोधकांना प्राध्यापकपदापर्यंत सोबत कशी करावी?

खडूफळा (नागपूर)

नमस्कार. नागपुरातील एका अनुदानित महाविद्यालयातून अर्थशास्त्राचा प्राध्यापक म्हणून मी काही वर्षांपूर्वी निवृत्त झालो. माझ्या मार्गदर्शनाखाली अकरा जणांनी पीएच.डी. पूर्ण केली. त्यांपैकी सात जण त्यांच्या घरातले पहिले पदवीधर होते. कुणाचे वडील विणकर होते, कुणाची आई रोवणीला जाणारी, तर एकाचे आईवडील एटापल्ली तालुक्यात तेंदूपाने वेचणारे. उरलेल्या चौघांच्या घरी किमान एक शिक्षक किंवा सरकारी नोकर होता. आज त्या चौघांपैकी तिघे कायम पदावर सहायक प्राध्यापक आहेत आणि सातांपैकी दोघे. प्रबंधाच्या गुणवत्तेवरून हा फरक मला समजावता येत नाही, कारण अकरांमध्ये ज्याचा प्रबंध सर्वांत सरस होता, तो आज कामठी रोडवर अकरावी-बारावीचे शिकवणी वर्ग चालवतो.

बराच विचार केल्यावर माझे मत असे झाले आहे की, या मुलांना पीएच.डी. करता येत नाही असे नाही, त्यांना पीएच.डी.नंतर थांबता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पीएच.डी.ची मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षे आहे. कनिष्ठ व वरिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळून जास्तीत जास्त पाच वर्षे पैसे मिळतात आणि प्रबंध सादर झाला की तेही थांबतात. यानंतर परीक्षकांचे अहवाल, मौखिकी, पदवीची अधिसूचना आणि मग जाहिरातीची वाट पाहणे सुरू होते. ही वाट दोन वर्षांची असेल की आठ वर्षांची, हे कोणीच सांगू शकत नाही. ज्याच्या घरी पेन्शन येते तो या काळात तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, शिकवत, दोन शोधनिबंध लिहीत, ओळखी टिकवत थांबतो. ज्याच्या घरचे त्याच्याच पैशांकडे डोळे लावून बसलेले असतात, तो पहिल्या मिळेल त्या नोकरीत शिरतो आणि चार वर्षांनी जाहिरात निघते तेव्हा त्याच्याकडे ना अलीकडचा अनुभव असतो ना अलीकडचे लेखन. थांबण्याची ऐपत ही वारशाने मिळणारी गोष्ट आहे आणि निवड समितीपुढच्या कोणत्याही रकान्यात ती दिसत नाही.

आरक्षण, अधिछात्रवृत्त्या, बार्टी, सारथी आणि आपल्या शहरातच मुख्यालय असलेली महाज्योती या संशोधकांना साहाय्य देणाऱ्या शासकीय संस्था, यांविषयी पुष्कळ बोलले जाते आणि ते बोललेच पाहिजे. माझा प्रश्न मात्र त्यापेक्षा लहान आहे. मी आणि माझ्यासारखे तीन-चार निवृत्त सहकारी, कोणतीही संस्था न काढता आणि कुणाकडे अनुदान न मागता, प्रबंध सादर करण्याच्या सुमारास असलेल्या व त्यापुढच्या संशोधकांसाठी नेमके काय करू शकतो? जे या वाटेवर आहेत किंवा ती चालून गेले आहेत, त्यांच्याकडून ऐकायला आवडेल.

वैनगंगाकाठ (भंडारा, सध्या नागपूर)

सर, मी वनस्पतिशास्त्रात संशोधन करते आणि माझे पाचवे वर्ष सुरू आहे. आपण प्रबंधानंतरच्या वर्षांविषयी लिहिले आहे, परंतु थांबण्याची ऐपत ही प्रबंधाच्या आधीपासूनच खर्च होऊ लागते, एवढे मला सांगावेसे वाटते.

अधिछात्रवृत्तीची रक्कम कागदावर चांगली आहे. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ अधिछात्राला महिना ३७,००० रुपये आणि वरिष्ठाला ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे. माझ्या गावात हा आकडा सांगितला की लोकांना वाटते, मी कमावती झाले. प्रत्यक्षात संस्थेकडून पोर्टलवर दुजोरा गेल्याखेरीज पैसे सुटत नाहीत. एकजण माहिती भरतो, दुसरा ती तपासतो, आणि त्यांपैकी एक जरी रजेवर असला तरी महिना हुकतो. कनिष्ठावरून वरिष्ठ होताना समितीचा अहवाल लागतो. माझ्या समितीची बैठक लांबली आणि सात महिने मी जुन्याच दराने, तेही तुकड्यातुकड्यांनी, पैसे घेत होते. त्या काळात खोलीचे भाडे मैत्रिणीने भरले. अधिछात्रवृत्ती घेत असताना दुसरे सवेतन काम करता येत नाही, हा नियम योग्यच आहे, परंतु पैसे वेळेवर येतात असे गृहीत धरून तो केलेला आहे.

दुसरी गोष्ट बायकांची. २०२२ च्या विनियमांत महिला संशोधकांना दोन वर्षांची जादा मुदत आणि संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा आहे. माझ्या ओळखीच्या दोघींना हे ठाऊकच नव्हते. त्यांपैकी एकीने बाळंतपणानंतर नोंदणी सोडून दिली, कारण तिला वाटले की मुदत संपली. तिला कुणी फसवले नाही. कुणी सांगितले नाही, एवढेच.

दप्तरी (नागपूर)

मी प्राध्यापक नाही. एका महाविद्यालयाच्या आस्थापना विभागात बावीस वर्षे लिपिकाचे काम केले आहे आणि भरतीची प्रकरणे या हातांखालून गेली आहेत. खडूफळा सरांनी थांबण्याविषयी लिहिले ते पटले. परंतु अनेक उमेदवार थांबूनही कागदावर हरतात, आणि ते दुःख मला जास्त टोचते, कारण ते टाळता येते.

राखीव पदासाठी जात प्रमाणपत्र पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागते. हे माहीत असूनही मुले जाहिरात निघेपर्यंत स्वस्थ बसतात. वैधतेसाठी पुरावा जुना लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचा. ज्याचा आजोबा शाळेत गेला त्याच्याकडे दाखल खारीज नोंदवहीचा उतारा असतो. ज्याचा आजोबा शाळेतच गेला नाही, म्हणजे ज्याच्यासाठी ही सारी व्यवस्था आहे, त्याला कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदींची) नक्कल आणि जुने महसुली कागद शोधत तहसिलीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. अनुसूचित जमातीच्या प्रकरणात दक्षता पथकाची चौकशीही होते. हे काम पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी सुरू करण्याचे आहे, शेवटच्या नव्हे.

इतर मागास वर्ग आणि भटक्या-विमुक्तांना नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रही लागते आणि ते अर्जाच्या अंतिम दिनांकास वैध असावे लागते. उत्पन्नाच्या पुराव्यांनुसार ते एक ते तीन वर्षांसाठी मिळते. आमच्याकडे एका उमेदवाराचे प्रमाणपत्र अंतिम दिनांकाच्या अकरा दिवस आधी संपलेले होते. तो नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) उत्तीर्ण होता, पीएच.डी. होता, आणि छाननीतच बाहेर पडला.

आता अनुभवाविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत महाविद्यालयीन सहायक प्राध्यापकपदाच्या मुलाखतीची यादी करण्यासाठी जो तक्ता आहे, त्यात पीएच.डी.ला २५ गुण, नेटसह जेआरएफ (कनिष्ठ अधिछात्रवृत्ती) असल्यास १०, नुसत्या नेटला ८, सेट या राज्यस्तरीय पात्रता परीक्षेला ५, प्रत्येक शोधनिबंधाला २ याप्रमाणे कमाल ६ आणि अध्यापनाच्या प्रत्येक वर्षाला २ याप्रमाणे कमाल १० गुण आहेत. मुले तासिका तत्त्वावर चार-चार वर्षे शिकवतात आणि नेमणुकीचे पत्र, विद्यापीठाची मान्यता, कार्यमुक्तीचे पत्र यांपैकी काहीही जवळ ठेवत नाहीत. प्राचार्य बदलले की नवे प्राचार्य जुन्या वर्षांचे प्रमाणपत्र द्यायला कचरतात. दरवर्षी एप्रिलमध्ये, सत्र संपण्याच्या आधी, तीन कागद मागून घ्यावेत. मागताना संकोच करू नये. ती कुणाची मेहेरबानी नाही.

सरळरेषा

चर्चा चांगली आहे, पण मला तीन आक्षेप नोंदवायचे आहेत. पहिला, तासिका तत्त्वावर हाल काढणाऱ्यांत सर्व जातींची मुले आहेत. माझा धाकटा भाऊ खुल्या प्रवर्गातला आहे आणि नऊ वर्षे दोन महाविद्यालयांत सकाळ-दुपार करतो. दुसरा, पदे भरलीच जात नसतील तर उमेदवार अधिक तयार करून काय साधणार? आणि तिसरा, ज्याविषयी सगळे गप्प आहेत: खासगी संस्थांत निवडीच्या वेळी मागितली जाणारी रक्कम. ती देऊ न शकणाऱ्याला आपण मुलाखतीचा सराव देणार, म्हणजे बंद दारावर टकटक कशी करावी हे शिकवणार.

खडूफळा

सरळरेषा, तिसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तो मी टाळला होता हे खरे आहे. त्या व्यवहाराला तोंड देण्याचे बळ आमच्या चार म्हाताऱ्यांत नाही आणि आहे असे भासवण्यात अर्थ नाही. मात्र माझा अनुभव असा की, आपली मुले ज्या दारांवर तो पहारा नाही तिथे अर्जच करत नाहीत. शासकीय महाविद्यालयांतील सहायक प्राध्यापकांची निवड महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होते. नागपुरातली शासकीय विज्ञान संस्था किंवा वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था, म्हणजे जुने मॉरिस कॉलेज, ही त्यातलीच. वर्ध्याचे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय केंद्रीय आहे. केंद्रीय संस्थांत २०१९ च्या कायद्याने आरक्षणासाठी विभागाऐवजी संपूर्ण संस्था हा एकक ठरला. आधी विभाग हा एकक धरला गेला तेव्हा दोन-तीन पदांच्या लहान विभागात राखीव पद वाट्याला येतच नसे. असे असूनही माझे विद्यार्थी भंडारा, उमरेड, काटोल याच्या पलीकडे अर्ज करायला तयार नव्हते. एकाने तर मला सांगितले, "सर, तिकडे आपल्या ओळखीचे कोणी नाही." जणू इकडे होते!

पदे रिक्त आहेत आणि ती भरली पाहिजेत, याबद्दल वाद नाही. त्यासाठी प्राध्यापक संघटना लढत आहेत, मीही त्या मोर्चांत चाललो आहे. पण पदभरती जेव्हा होते तेव्हा ती अचानक आणि थोड्या मुदतीत होते, आणि त्या क्षणी जो तयार असतो त्यालाच तिचा उपयोग. आपल्या भावाबद्दल म्हणाल तर त्यांनी अवश्य यावे. दाराशी कुणाची जात विचारली जाणार नाही. परंतु बोलावणे धाडताना मी आधी गडचिरोलीला धाडीन, नागपुरातल्या सुखवस्तू धरमपेठेत नाही, कारण धरमपेठेत ही माहिती चहाच्या टेबलावर मिळते.

अंबाझरीकर (सध्या अमेरिकेत)

माझे शिक्षण नागपुरात झाले आणि गेली काही वर्षे मी अमेरिकेतील एका विद्यापीठात लेखाशास्त्र शिकवतो. इथल्या एका उपक्रमाची माहिती देतो, कारण त्याचा विषय अगदी हाच आहे. 'द पीएच.डी. प्रोजेक्ट' नावाची संस्था १९९४ मध्ये केपीएमजी या लेखापरीक्षण कंपनीच्या फाउंडेशनच्या पुढाकाराने सुरू झाली. व्यवसाय-व्यवस्थापनाच्या शाखांत कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि मूळनिवासी अमेरिकन प्राध्यापक अत्यंत कमी होते, ते वाढवावेत हा तिचा हेतू होता. मुद्दा असा मांडला गेला की, वर्गात समोर आपल्यासारखा प्राध्यापक दिसला तर विद्यार्थीही त्या वाटेला लागतात.

मला तिच्या रचनेतला भाग महत्त्वाचा वाटतो. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला निर्वाहवेतन इथे बहुधा विद्यापीठच देते, त्यामुळे संस्थेने आपले मुख्य काम पैशाऐवजी सोबत हे मानले. लेखाशास्त्र, वित्त, माहिती प्रणाली, व्यवस्थापन आणि विपणन या विषयांच्या संशोधकांचे स्वतंत्र संघ तिने उभे केले. एखाद्या विभागात आपल्यासारखा आपण एकटाच असलो तरी देशभरातले त्याच विषयातले, त्याच वर्षातले लोक ओळखीचे होतात. पुढे हेच लोक एकमेकांचे सहलेखक होतात आणि कुठे जागा निघाली हे आधी एकमेकांना कळवतात. उच्चभ्रू घरांतल्या मुलांचे हे जाळे जन्मतः असते. इथे ते मुद्दाम विणावे लागले.

एक इशाराही देतो. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने या संस्थेशी संबंध ठेवल्याबद्दल ४५ विद्यापीठांची चौकशी सुरू केली. काही विशिष्ट वंशांपुरता प्रवेश मर्यादित ठेवल्याचा आरोप होता, आणि नंतर काही विद्यापीठांनी संबंध तोडले. भारतात आरक्षणाला घटनेचा आधार आहे, त्यामुळे तुलना सरळ होत नाही. पण मोठ्या संस्थांच्या खांद्यावर उभी असलेली सोबत एका पत्राने निघून जाऊ शकते, हे मी जवळून पाहिले. तेव्हा अनुदान न घेण्याचा खडूफळा सरांचा विचार मला शहाणपणाचा वाटतो.

इंदोरा_चौक

थांबण्याच्या ऐपतीवरून आठवले. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तिथून लंडनला. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. म्हणजे प्रबंध अपुरा आणि पैसे संपलेले, ही स्थिती आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१८ मध्ये त्यांना मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी मिळाली. त्या पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांवर ते १९२० मध्ये लंडनला परत गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. दीक्षाभूमीच्या शहरात आपण त्यांचा पुतळा दाखवून मुलांना "शिका" म्हणतो, पण भथेनांची भूमिका कोण करणार, हे ठरवत नाही.

माझी सूचना साधी आहे. ज्यांना नोकरी लागली आहे अशा आपल्यातल्या वीस-पंचवीस जणांनी दरमहा काही रक्कम एकत्र ठेवावी आणि ज्याची अधिछात्रवृत्ती अडकली आहे त्याला ती बिनव्याजी, विना लिखापढी द्यावी. पैसे आले की तो परत करील. वैनगंगाकाठ ताईंचे भाडे मैत्रिणीने भरले. प्रत्येकीला तशी मैत्रीण असतेच असे नाही.

दप्तरी

विना लिखापढी नको. वहीत नाव, तारीख आणि रक्कम लिहिलीच पाहिजे. मैत्री टिकते ती हिशेबाने. वही मी सांभाळतो.

वैनगंगाकाठ

दादा, हे झाले तर फार मोठे काम होईल. आणखी एक अडचण मांडते, जी पैशाची नाही. मागच्या महिन्यात मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वाच्या मुलाखतीला गेले होते, कारण अधिछात्रवृत्ती संपल्यावर काय करायचे हे आतापासून पाहते आहे. विषयाचे दोन प्रश्न झाले आणि मग "गाव कोणते, वडील काय करतात, लग्न झाले का, झाल्यावर नागपुरात राहाल का" असे विचारत राहिले. विषयाची तयारी मी केली होती. या प्रश्नांना काय म्हणायचे असते हे मला ठाऊक नव्हते, आणि मी खरे ते सगळे सांगून बाहेर आले. बाहेर बसलेल्या एका उमेदवाराने हसत सांगितले की, या प्रश्नांवर विषयाकडे वळायचे असते. तो कुठे शिकला हे? त्याचे काका प्राचार्य आहेत.

खडूफळा

हे शिकवता येते, आणि आमच्याकडून एवढे तरी नक्की होईल. मी अनेक वर्षे निवड समित्यांवर विषयतज्ज्ञ म्हणून बसलो आहे आणि आता कबूल करतो की, असे प्रश्न माझ्या शेजारून विचारले गेले तेव्हा मी क्वचितच अडवले. २०१८ च्या विनियमांत दप्तरी यांनी सांगितलेले ते गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते होते, अंतिम निवड मुलाखतीवरच होती. तेव्हा त्या वीस मिनिटांत जे घडते त्याचे वजन फार आहे. "सध्या माझे सारे लक्ष या प्रजातींच्या वर्गीकरणावर आहे आणि आपल्या महाविद्यालयाच्या परिसरात त्यांतल्या काही दिसतात, त्यावर पदवीच्या मुलांकडून काम करून घेता येईल" असे एक वाक्य तोंडात तयार असले की लग्नाच्या प्रश्नावरून गाडी रुळावर येते. पण ते वाक्य दहा वेळा मोठ्याने म्हटलेले असावे लागते, आणि समोर भुवया उंचावणारे दोन म्हातारे असावे लागतात. भुवया आमच्याकडे आहेत.

तर ठरवू या. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेनऊला धरमपेठेत माझ्या घरी बसू. पत्ता ज्यांना हवा त्यांना निरोपातून देईन. प्रत्येक बैठकीत एकाच संशोधकाचे प्रकरण घेऊ: त्याचा बायोडाटा, कागद, अर्ज करण्याजोग्या जागा, आणि मग सरावाची मुलाखत. दप्तरी यांनी कागद पाहावेत. अंबाझरीकर, आपल्याकडे रात्र असेल, तरी तासभर व्हिडिओवर आलात तर इंग्रजीतून होणाऱ्या मुलाखतींचा सराव आपण घ्यावा. मराठी माध्यमातून आलेली आमची मुले तिथेच गळतात.

अंबाझरीकर

येईन. शनिवारी रात्री मला काहीच काम नसते.

सरळरेषा

भाऊ येईल म्हणतो. तो इतिहासाचा आहे आणि सेटच्या सामान्य पेपरची तयारी दोन वर्षे इतरांकडून करून घेतो आहे, त्याचा उपयोग होईल. माझे आक्षेप मी मागे घेतलेले नाहीत.

दप्तरी

पहिल्या खेपेला कोणाचे प्रकरण घ्यायचे? ज्याचे असेल त्याने दहावीच्या गुणपत्रिकेपासून सर्व मूळ कागद आणि त्यांच्या दोन-दोन छायाप्रती आणाव्यात. मोबाइलमधले फोटो चालणार नाहीत.

वैनगंगाकाठ

माझे नको, माझ्याकडे अजून वर्ष आहे. माझ्या खोलीत राहणारी एक मुलगी कुरखेड्याची आहे. गेल्या आठवड्यात तिची मौखिकी झाली आणि येत्या एक तारखेपासून ती एका मॉलमध्ये काउंटरवर जाणार होती. तिचे घ्या. वैधता प्रमाणपत्र तिच्याकडे आहे, अनुभवाचे पत्र मात्र एकाच वर्षाचे आहे. मी तिला घेऊन येते. आम्ही दोघी वर्धमाननगरहून येणार, तेव्हा थोडा उशीर झाला तर समजून घ्यावे.